वडिलांना मॅच बघायला फोन: अ‍ॅमोलेड की एलसीडी हा प्रश्न जरा नंतरचा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. तो असा, की वडील यंत्रमागावरून नुकतेच रिटायर झालेत, घर अशोक चौकाच्या आतल्या बाजूला, वर पत्रा, संध्याकाळी सात ते दहा टीव्ही आईच्या ताब्यात, त्यामुळे वडील मॅच, बातम्या आणि जुने मराठी पिच्चर मोबाईलवर बघतात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ऐकायला थोडं कमी येतं. बजेट अठरा हजार. आणि तुम्ही तीन फोन काढून ठेवलेत: एक ६.७ इंची अ‍ॅमोलेड १२० हर्ट्झवाला (म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा बदलणारा), दुसरा ६.८ इंची एलसीडी पण मोठ्या बॅटरीचा, आणि तिसरा गेमिंग प्रोसेसरवाला, जो तुमच्या मित्राने 'डोळे झाकून घे' म्हणून सांगितलाय. यातला कुठला घ्यायचा?

माझं सोलापुरात नवी पेठेजवळ मोबाईल विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे, बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे विकताना फोन कसा दिसतो आणि दोन वर्षांनी रिपेअरला येताना कसा दिसतो हे दोन्ही बघायला मिळतं. त्या हिशोबाने सांगतो.

तुम्ही जो तक्ता केलाय ना, प्रोसेसर, कॅमेरा, हर्ट्झ, वॅट, त्यातल्या निम्म्या ओळींचा मॅच बघण्याशी काही संबंधच नाही. आणि ज्या गोष्टींवर समोर दिसणारं चित्र ठरतं त्यातल्या तीन तुमच्या तक्त्यात नाहीतच: अ‍ॅपचा प्लॅन कुठला, फोनला एल१ (एचडी व्हिडिओसाठी लागणारी सुरक्षेची पातळी, पुढं सांगतो) आहे का, आणि तुमच्या पत्र्याखाली नेटवर्क किती येतंय. आपल्याकडे पाणी काही दिवसाआड येतं, आता छतावर टाकी दोन हजार लिटरची बसवा नाहीतर पाच हजारची, नळाला जेवढं येणार तेवढंच भरणार. फोनचा डिस्प्ले म्हणजे ती टाकी, आणि तुम्ही सगळं डोकं टाकीवर लावलंय.

आधी प्लॅनचं बघू कारण ते फुकटात कळतं. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाईल प्लॅन ४८०पी देतो, म्हणजे एचडीच्या खालचं चित्र. म्हणजे फोन अठरा हजाराचा असो की लाखाचा, चित्र ४८०पी चंच. लोक काय करतात, भारी अ‍ॅमोलेड घेतात, त्यावर सगळ्यात स्वस्त मोबाईल प्लॅन टाकतात आणि मग दुकानात येऊन म्हणतात क्लिअर दिसंना. क्लिअर कुठून दिसणार. शिवाय या प्लॅनमधून टीव्हीवर कास्ट पण होत नाही, ते घेतल्यावर कळतं. बाकीच्या अ‍ॅपचे पण मोबाईलपुरते, जाहिरातीवाले, बिगरजाहिरातीवाले असे वेगवेगळे प्लॅन असतात आणि दर बदलत राहतात, त्यामुळे वडिलांच्या नंबरवर आत्ता काय चालू आहे, रिचार्जसोबत काय फुकट आलंय, हे आधी बघा.

कुठल्या अ‍ॅपवर काय येतं हे पण घरात एकदा बसून ठरवा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. सह्याद्री आणि दूरदर्शनचे बाकी चॅनेल प्रसार भारतीच्या वेव्हज अ‍ॅपवर लाईव्ह दिसतात, ते अ‍ॅप २०२४ च्या नोव्हेंबरात आलं आणि बऱ्याच लोकांना माहितीच नाही. घरात जिओचं सिम असेल तर जिओटीव्ही आहेच, त्यात बऱ्याच चॅनेलचे मागच्या सात दिवसांपर्यंतचे कार्यक्रम मागे जाऊन बघता येतात. आता बघा, आईच्या सिरीयल दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कधीही बघता येतात पण मॅच मात्र चालू असतानाच बघायची असते, मग खरं तर टीव्ही वडिलांना आणि मोबाईल आईला, हे जास्त बरोबर बसतं. पण हे मी सांगून काय उपयोग, तुमच्या घरात हे कोण बोलणार. पुढं जाऊ.

आता एल१. नेटफ्लिक्स, प्राईम व्हिडिओसारखी अ‍ॅप चोरी होऊ नये म्हणून व्हिडिओ कुलूप लावून पाठवतात. अँड्रॉइडमध्ये त्या कुलपाला वाइडवाईन म्हणतात. फोनमध्ये हे कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडत असेल तर तो एल१, नुसतं सॉफ्टवेअरमध्ये उघडत असेल तर एल३. एल३ फोनला ही अ‍ॅप एचडी देतच नाहीत, ४८०पी-५४०पी च्या आसपास गाडी थांबते, प्लॅन कितीही मोठा घ्या. २०१८ मध्ये पोको एफ१ आला तेव्हा त्यावर हेच झालं होतं. प्रोसेसर त्या वेळचा टॉपचा, स्नॅपड्रॅगन ८४५, आणि नेटफ्लिक्स मात्र एचडीत चालेना. पुढच्या वर्षी अपडेट देऊन एल१ दिलं. आजकाल नव्या नावाजलेल्या फोनमध्ये एल१ बहुतेक असतंच, खरा धोका आहे सेकंडहँडमध्ये, बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडलेल्या फोनमध्ये, आणि कुणीतरी सॉफ्टवेअर मारून दिलेल्या फोनमध्ये. काही फोनचं बूटलोडर उघडलं किंवा चुकीच्या पद्धतीने फ्लॅश केलं की एल१ चं एल३ होऊन बसतं आणि गिऱ्हाईकाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही, त्याला वाटतं नेट स्लो आहे.

तपासायला दोन मिनिटं लागतात. प्ले स्टोअरवर 'डीआरएम इन्फो' नावाचं अ‍ॅप आहे, ते टाकलं की वाइडवाईनच्या खाली सिक्युरिटी लेव्हल दिसते. नाहीतर नेटफ्लिक्सच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन उघडा, तिथंच कमाल रेझोल्यूशन लिहिलेलं असतं. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा, सोलापुरात मोबाईलच्या दुकानांना काय तोटा नाही.

नेटवर्कचं मात्र मी इथं बसून सांगू शकत नाही, ते तुमच्या गल्लीवर, घरावर आणि सिमवर आहे. पत्र्याचं छत आणि चारी बाजूंनी भिंती म्हणजे सिग्नल खिडकी-दारातूनच आत येणार, आतल्या खोलीत दोन कांड्या आणि दाराशी चार, असं पूर्व भागातल्या घरांत नेहमीचं आहे. त्यामुळे फोनचे बँड, म्हणजे फोन नेटवर्कच्या कुठल्या लहरी पकडतो ते, बघा. जिओचं ५जी स्वतंत्र चालतं, एसए म्हणतात त्याला, आणि ते ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे एन२८ आणि ३३०० मेगाहर्ट्झ म्हणजे एन७८ वर आहे. यातला एन२८ घरात आतपर्यंत शिरतो, एन७८ ला स्पीड जास्त पण भिंत आणि पत्रा त्याला जड जातो. एअरटेलचा मुख्य भर एन७८ वर. बीएसएनएलचं सिम असेल तर ४जी साठी बँड १ आणि बँड २८ फोनमध्ये हवेत. हे सगळं बॉक्सवर नसलं तरी कंपनीच्या साईटवर स्पेसिफिकेशनच्या शेवटी असतं, कुणी तिथपर्यंत जातच नाही एवढंच.

आणि ५जी म्हणजे लगेच चित्र चांगलं असं काही नाही. मोबाईलवरची मॅच साधारण २ एमबीपीएसने येत असेल तर तासाला ९०० एमबी जातात, साडेतीन तासांच्या टी-ट्वेंटीला तीन जीबीच्या वर. एवढ्या स्पीडला चांगलं ४जी भरपूर झालं. अडचण स्पीडची नाही, एकतर सिग्नल स्थिर नसण्याची आहे, नाहीतर रोजचा दीड जीबी दुसरी इनिंग रंगायच्या आधीच संपण्याची आहे. अनलिमिटेड ५जी सगळ्या रिचार्जवर मिळतं असं समजू नका, २०२४ च्या जुलैपासून जिओनं ते दिवसाला २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं केलं. वडिलांचा रिचार्ज स्वस्तातला असेल तर ५जी फोन घेऊनसुद्धा मॅच अर्ध्यात बंद पडणार. घरात ब्रॉडबँड असेल तर हा विषयच मिटला, फक्त राऊटर आईच्या टीव्हीमागं कोपऱ्यात कोंबून ठेवू नका, आणि वडील दुसऱ्या खोलीत बसत असतील तर २.४ गिगाहर्ट्झवाल्या वायफायला जोडा, ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडं कमी पोचतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर फोनला नावं ठेवाल. नेटवरची मॅच टीव्हीच्या मागं असते, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. शेजारच्या घरातून 'सिक्स' म्हणून ओरडा ऐकू येणार आणि तुमच्या वडिलांच्या फोनवर बॉलर अजून रनअप घेत असणार. यावर कुठल्याही फोनमध्ये इलाज नाही, शेजाऱ्यांशी बोलून बघा.

आता पडदा. ६.७ आणि ६.८ यावर तुम्ही बरंच लिहिलंय म्हणून हिशोबच करून दाखवतो. हे फोन लांबुडके, लांबी-रुंदी २०:९ च्या आसपास. मॅच, बातम्या, सिरीयल सगळं १६:९. म्हणजे आडवा फोन धरला की दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतात आणि पडद्याचा पाचवा हिस्सा वाया जातो. ६.७ इंची फोनवर प्रत्यक्ष चित्र राहतं ५.६ इंचाचं, ६.८ वर ५.७ चं. वडिलांना या फरकानं काही फरक पडणार नाही. दोन बोटांनी ताणून मोठं करता येतं पण मग वरचा-खालचा भाग कापला जातो, आणि क्रिकेटमध्ये खाली काय असतं? स्कोअरची पट्टी. बातम्यांमध्ये खाली काय असतं? तीच पट्टी. म्हणजे जे वाचायला मोठं करायचं तेच गायब.

म्हणून माझं मत सरळ आहे. वडील मोबाईलवर टीव्ही घरातच, कॉटवर नाहीतर खुर्चीत बसून बघत असतील तर तीनपैकी एकही फोन घेऊ नका, ११ इंची टॅब घ्या. टॅब १६:१० चा असतो, त्यामुळे पट्टी बारीक, चित्र जवळजवळ १०.७ इंचाचं मिळतं. ५.६ च्या तुलनेत क्षेत्रफळ साडेतीन पटीच्या वर जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला नंबर कुठला द्यायचा ते डोळ्याचे डॉक्टर सांगतील, पण अक्षर साडेतीन पट मोठ्या जागेत दिसणार हे सांगायला डॉक्टर लागत नाही. रेडमी पॅड एसई किंवा सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ प्लस या जातीचा टॅब म्हणतोय मी, दोन्ही ११ इंची, १९२० बाय १२०० चा एलसीडी पडदा, चार स्पीकर, आणि दोन्हीला साधा ३.५ एमएमचा इअरफोन जॅक आहे. मॉडेल येत-जात राहतात, हेच घ्या असं नाही, हा साचा लक्षात ठेवा. फक्त-वायफाय टॅब स्वस्त पडतो, वडिलांच्या जुन्या फोनचा हॉटस्पॉट लावला की चालतो, पण वडिलांना रोज हॉटस्पॉट चालू करणं जमेल का हे तुम्हीच जाणता. नसेल जमत तर सिमवाला बघा. वजन अर्धा किलोच्या आसपास, हातात धरून तीन तास बघायची वस्तू नाही ती, एक साधा स्टँड घ्यावाच लागेल.

आणि नेटफ्लिक्सचा तो १४९ वाला प्लॅन टॅबवर पण चालतो, पण ४८०पी ११ इंचावर ताणलं की भुरकट दिसणार, तेव्हा टॅबला थोडा वरचा प्लॅन. बघा, परत गाडी प्लॅनवरच आली.

पण सगळ्यांचं असं नसतं. वडील सकाळी कट्ट्यावर बसत असतील, गाणगापूर-तुळजापूरला जात असतील, नाहीतर पुण्याला मुलीकडं हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणं-येणं असेल तर टॅब घरी राहणार आणि जुन्याच फोनवर बघणार. तेव्हा फोनच घ्यायचा. मग तुमचा मूळ प्रश्न, अ‍ॅमोलेड की एलसीडी.

अ‍ॅमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा म्हणजे बंदच. म्हणून रात्री दिवा घालवून जुना कृष्णधवल पिच्चर लावला तर अ‍ॅमोलेडवर जे दिसतं ते एलसीडीवर दिसत नाही, एलसीडीचा काळा हा करडाच असतो कारण मागचा दिवा चालूच राहतो. उन्हात पण चांगला अ‍ॅमोलेड वरचढ. मात्र जाहिरातीत जे दोन हजार-तीन हजार निट (उजेडाचं माप) लिहितात ते पडद्याच्या छोट्याशा भागावर, तेवढ्यापुरतं मोजलेलं असतं, पूर्ण पडदा तेवढा उजळत नाही. तुलना करायची तर एचबीएमचा आकडा बघा, त्यालाच काही कंपन्या हाय ब्राइटनेस मोड लिहितात.

आता दुसरी बाजू, रिपेअरच्या टेबलावरची. अ‍ॅमोलेड फुटला की फोल्डर, म्हणजे काच-पडद्याचा अख्खा जोड, महाग, कधीकधी फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो. मग गिऱ्हाईक स्वस्त कॉपी मागतं. अ‍ॅमोलेडच्या जागी साधा एलसीडीचा कॉपी फोल्डर बसवला की रंग फिके, फोन थोडा जाड वाटतो, आणि पडद्याखालचं फिंगरप्रिंट चालत नाही. हिरवी लाईन पडलेले फोन पण येतात, पडलं नाही आपटलं नाही, एके दिवशी सकाळी उठून बघितलं तर उभी रेघ. एका कंपनीपुरतं नाही ते, अ‍ॅमोलेडवाल्या बऱ्याच फोनमध्ये बघितलंय. आणि तिसरं, बातम्यांचा चॅनेल रोज चार-पाच तास लावून ठेवणाऱ्यांच्या फोनवर कोपऱ्यातला लोगो आणि खालची पट्टी हळूहळू छापली जाते, बर्न-इन. सिरीयल-मॅच आलटून-पालटून बघणाऱ्याला एवढं होत नाही, पण एकच न्यूज चॅनेल फुल ब्राइटनेसवर लावून झोपी जाणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. तुमचे वडील त्यातले असतील तर विचार करा.

अजून एक. कमी ब्राइटनेसला बरेच अ‍ॅमोलेड पडदे वेगानं चालू-बंद होत उजेड कमी करतात. डोळ्याला दिसत नाही, पण काहीजणांचं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. सगळ्यांना होत नाही, म्हणून नियम करता येत नाही. वडिलांना दुकानात नेऊन दिवे कमी असलेल्या कोपऱ्यात दहा मिनिटं बघायला लावा, होत असेल तर एलसीडी, विषय संपला.

एलसीडीत काय बघायचं? रेझोल्यूशन. या किमतीतले बरेच एलसीडी एचडी प्लसच असतात, १६०० बाय ७२०, त्यावर १६:९ चं चित्र बरोबर १२८० बाय ७२० एवढंच मावतं. फुल एचडी प्लसवर १९२० बाय १०८०. ५.६ इंचाच्या चित्रावर मॅच बघताना साठीच्या माणसाला हा फरक फार जाणवेल असं मला वाटत नाही, पट्टीवरची बारीक अक्षरं वाचताना जाणवेल. मी विकताना जमेल तिथं फुल एचडी प्लसच देतो. तुमचा दुसरा फोन एचडी प्लस आहे असं दिसतंय, त्याचं पूर्ण मॉडेल एकदा बघून घ्या, एकाच नावाचे ४जी आणि ५जी दोन वेगळे फोन असतात आणि पडदे वेगळे निघतात.

१२० हर्ट्झ सोडून द्या. पिच्चर २४ फ्रेमचा, सिरीयल २५-३० ची, क्रिकेटचं स्ट्रीम फार तर ५०-६०. १२० हर्ट्झ व्हॉट्सअ‍ॅप सरकवताना छान वाटतं, बास. गेमिंग प्रोसेसरचं पण तेच, व्हिडिओ उलगडायचं काम चिपमधला वेगळा भाग करतो, त्याला गेमिंगचा जोर लागत नाही. मित्राला सांगा, तुझा फोन तुलाच लखलाभ.

आवाजावर मात्र तुम्ही एक ओळ पण लिहिली नाही आणि वडिलांना ऐकायला कमी येतं! यंत्रमागाच्या खटखटाटात आयुष्य गेलेल्या माणसांना बारीक आवाज, शब्दांची टोकं ऐकायला अवघड जातात, आपल्या गावात हे नवीन नाही. एकच स्पीकर असलेला फोन आडवा धरला की तळहात बरोबर स्पीकरवर येतो. म्हणून स्टीरिओ स्पीकर घ्याच, आणि दुकानात लावून बघा, कारण बऱ्याच फोनमध्ये वरचा स्पीकर म्हणजे कॉलचाच असतो, खालच्याच्या निम्मा पण वाजत नाही. गाणं लावू नका, गाणं सगळ्या फोनवर चांगलंच वाजतं. मराठी बातम्या लावा आणि निवेदकाचे शब्द कळतात का ते वडिलांना विचारा.

त्याहून बरं म्हणजे वायरचा इअरफोन. फोनला जॅक असेल तर शंभर-दोनशे रुपयांत काम होतं, चार्जिंगची भानगड नाही. ब्लूटूथ नेकबँड पण चालतो, बहुतेक व्हिडिओ अ‍ॅप आवाजाचा उशीर जुळवून घेतात, पण तो चार्ज करायला वडील विसरणार आणि फोन तुम्हाला येणार. आणि ही गोष्ट फार कमी लोक वापरतात: अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ आहे, डाव्या-उजव्या कानाचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी पण आहे. एका कानाने कमी येत असेल तर दोन्हीकडचा आवाज चांगल्या कानात एकत्र येतो. फुकट आहे, जुन्या फोनवर आजच करून बघा.

गर्मीचं सांगायलाच पाहिजे कारण पत्रा म्हणालात. कंपन्या फोन साधारण ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरायचा धरतात, अ‍ॅपलने तर आयफोनसाठी ० ते ३५ असं लिहूनच ठेवलंय. सोलापूरचा एप्रिल-मे ४० च्या वर, पत्र्याखाली तर विचारू नका. फोन तापला की तो स्वतःच ब्राइटनेस कमी करतो, मग माणसाला वाटतं डिस्प्ले खराब झाला. त्यात चार्जर लावून मॅच, वर रबरी कव्हर, आणि सिग्नल कमकुवत म्हणून मोडेम जोर लावायलाय, अशानं बॅटरी फुगलेले फोन उन्हाळा संपता-संपता माझ्याकडं येतात. उपाय साधे: बघताना चार्जिंग नको, कव्हर काढा, फोन उशीवर न ठेवता स्टँडवर ठेवा, घरात ५जी लुकलुकत असेल तर सेटिंगमधून ४जी वर टाका. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर चालू करा. या हिशोबाने मोठी बॅटरी कामाची, कारण चार्जर न लावता मॅच पूर्ण होते. १२० वॅटच्या चार्जिंगला मात्र मी एक रुपया जास्त देणार नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की बिगरइंटरनेट टीव्ही दिसणारे फोन येणार आहेत म्हणे, थांबू का. हे ऐकून मला ते जुने चायना फोन आठवले, २००८-०९ च्या सुमाराचे, अँटेना ओढून काढायची, दूरदर्शन मुंग्यांसकट दिसायचं आणि स्पीकर असा की गल्ली जागी व्हावी. त्यातले बरेच विनाआयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर नसलेले होते, १ डिसेंबर २००९ पासून असल्या फोनवरची सेवा बंद केली आणि ते ढिगानं पडून राहिले. पुढं २०१६ मध्ये दूरदर्शननं मोबाईलसाठी डीव्हीबी-टी२, म्हणजे हवेतून येणाऱ्या डिजिटल टीव्हीचा सिग्नल देशातल्या १६ शहरांत सुरू केला, महाराष्ट्रात मुंबई आणि औरंगाबाद, सोलापूर त्यात नव्हतं, आणि फोनला वेगळा डोंगल लावायला लागायचा म्हणून ते लोकांपर्यंत पोचलंच नाही. आता डायरेक्ट-टू-मोबाईल म्हणजे डी२एम म्हणतात ते, प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी चाचण्या केल्यात, २०२५ मध्ये लाव्हा आणि एचएमडीनं असे फोन जाहीर पण केले. पण त्याला फोनमध्ये वेगळी चिप लागते आणि शहरात तसा ट्रान्समीटर लागतो. तुमच्या तीन फोनपैकी एकातही ती चिप नाही. त्यासाठी थांबू नका, यंदाची मॅच यंदाच बघायची असते.

तर तीनपैकीच निवडायचं असेल तर: पहिला, अ‍ॅमोलेडवाला, जर वडिलांना दहा मिनिटांच्या चाचणीत त्रास झाला नाही, न्यूज चॅनेल दिवसभर लावायची सवय नाही, आणि स्टीरिओ स्पीकर आहेत. नसेल तर दुसरा, पण फुल एचडी प्लस निघाला तरच, नाहीतर त्याच किमतीत दुसरा एलसीडी शोधू. तिसरा कुठल्याच परिस्थितीत नाही. आणि घरातच बघणार असतील तर टॅब, हे परत सांगतो कारण लोकांना फोन घ्यायचा ठरलेला असतो आणि टॅबचं वाक्य ते वगळून पुढं वाचतात.

दुकानात जाताना वडिलांना आणि त्यांचं सिम सोबत न्या, चष्म्यासकट. तुम्ही एकटे जाऊन घेतलेला फोन तुमच्या डोळ्यांना आवडलेला असतो. आणि मला तीन गोष्टी कळवा, मग नक्की एका नावावर येऊ: वडिलांच्या सिमचा आत्ताचा रिचार्ज कुठला, कॉटवर बसून त्या जागी स्पीड टेस्टला रात्री आठ वाजता किती येतंय, दुपारी नको रात्रीच करा कारण तेव्हाच सगळी गल्ली नेटवर असते, आणि त्यांचा जुना फोन कुठला आहे. जुन्याला नुसती बॅटरी आणि स्टँड लागत असेल तर तेही सांगेन, माझी एक विक्री कमी झाली तरी चालेल.